गुरांच्या डब्यावरची तारीख

आष्ट्यात आकाराम पेंटरांचं घर कुणीही दाखवेल, पण त्या घरात काय चालतं ते विचारलं तर हसेल. बहात्तरीचा माणूस, रेल्वेतून रिटायर होऊन बारा वर्षं झालेली, आणि मागच्या खोलीत बसून आगगाडीचे डबे करतो. त्यांना खेळणी म्हणालात तर चहा मिळायचा नाही. फुटाला सात मिलिमीटर हे माप. खऱ्या डब्याला पत्रे जोडणारे जितके रिबिट तितकेच ह्याला, तेही मोजून. सांगलीचं एक गिऱ्हाईक एकदा म्हणालं की दोन रिबिट कमी पडले तर कोण बघतंय. आकारामांनी तयार डबा त्याच्या हातातून काढून घेतला आणि परत कधी दिला नाही.

नोकरीत ते अक्षरं रंगवायचे. मालडब्यावर पांढऱ्या रंगात लिहिलेलं असतं ना, नंबर, रिकामं वजन, किती माल भरायचा, ते कुणीतरी हातानं लिहीत असे हे प्रवाशांच्या गावीही नसे. त्यात सगळ्यात खाली, बारीक आकड्यांत, परतीची तारीख असायची. ह्या महिन्याच्या आत डबा दुरुस्तीला कारखान्यात परत गेला पाहिजे, असा तिचा अर्थ. ती उलटली की डबा बाजूला काढायचा, त्यात माल भरायचा नाही. साहेब बदलतील, सरकार बदलेल, पण त्या तारखेवर सगळ्यांचा विश्वास.

फाल्गुनात पाचगणीच्या शंभूराजांचा फोन आला. हे गृहस्थ स्ट्रॉबेरी पिकवतात, दोन बंगले पर्यटकांना देतात, आणि तिसऱ्याच्या दिवाणखान्यात त्यांनी मिरजेहून पूर्वेच्या दुष्काळी मुलखात जाणारी जुनी छोटी लाइन उभी केली आहे. अडीच फुटी रुळांची ती गाडी आता लोकांच्या आठवणीतही धड उरलेली नाही. ह्यांनी मात्र तिचे पूल, ठेसनं, पाण्याच्या टाक्या सगळं लहान करून मांडलं होतं.

“काका, गुरांचा डबा राहिलाय,” शंभूराज म्हणाले. “फोटो पाठवतो. इथल्या शाळेतल्या एका मास्तरांनी बहात्तर साली काढलेला. अक्षर न् अक्षर वाचता येतं. जसं आहे तसंच पाहिजे हां.”

“दुसरं कसं करतोय मी?” आकाराम म्हणाले.

त्यांनी फोटो स्टुडिओत नेऊन मोठा करून घेतला आणि भिंग घेऊन बसले. डबा छान आला होता. वरच्या अर्ध्या भागाला उघड्या पट्ट्या, खालच्या अर्ध्याला आडव्या फळ्या. रंग अंगाला गेरूचा, चाकांकडं काळा. गुरं उतरली की रोगराई नको म्हणून आत चुना मारत, त्याचे ओघळ फळ्यांच्या फटीतून बाहेर आलेले. पट्ट्यांमागं कुणाचा तरी पटका पुसट दिसत होता. मग भिंग खाली सरकलं आणि तारखेवर आलं. मे चौऱ्याहत्तर. त्यातल्या चाराचा पाय जरा लांब होता आणि शेवटी उजवीकडं वळला होता.

असा चार आख्ख्या लाइनीवर एकच माणूस काढायचा. आकारामांनी भिंग खाली ठेवलं. पन्नास वर्षं जे त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं, ते समोर टेबलावर पडलं होतं.

बहात्तरच्या त्या दिवाळीत विहिरींचे तळ दिसत होते. पूर्वेकडच्या वस्त्यांवर मेंढरं कधीच विकली गेली होती, आता गाई-बैल मरायला टेकले होते. एका वस्तीनं आठ जनावरं चारा असलेल्या मुलखात पाव्हण्यांकडं धाडायचं ठरवलं. गुरांबरोबर डब्यात एक माणूस जाऊ देत, म्हणून गुंडा नावाचा तरणा गडी निघाला. आठांतली दोन त्याची, सहा भावकीची. ठेसनावर येऊन तीन दिवस झाले तरी डबा मिळेना. एक डबा बाजूच्या रुळावर उभा होता, पण त्याची तारीख मे बहात्तर. सहा महिने उलटून गेलेली.

आकाराम तेव्हा वीस वर्षांचे, नोकरीला वर्ष झालेलं, त्या ठेसनावर पाट्या रंगवायला आलेले.

“आवं पेंटर, त्यो डबा उभाच हाय की,” गुंडा म्हणाला.

“त्याची तारीख गेलीया.”

“तारीख कोण लिवतं?”

“मीच लिवतो.”

तेवढ्यात गुंडाच्या एका गाईनं पाणी समजून ब्रश धुवायच्या रॉकेलच्या डबड्यात तोंड घातलं. आकारामांनी डबडं ओढून घेतलं तरी ती जीभ काढून डबड्याकडं बघत राहिली. आकाराम कुणब्याच्या घरातला माणूस. जनावर तहानलेलं बघून जेवण न जाणाऱ्यांतला. त्यांनी ब्रश उचलला आणि दोनाचा चार केला. त्यात हुशारी नव्हती, पैसा नव्हता, नुसती दया होती. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं आपण म्हणतो आणि हसतो. इथं हसायचं काही उरलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी एका ओढ्याच्या पुलावर त्या डब्याच्या कुजक्या फळ्या खाली गेल्या, आणि फळ्यांबरोबर गुरं गेली आणि गुंडा गेला.

चौकशी झाली. चौकशी करणाऱ्यांनी कागद चोख बघितले. तारीख पुढची, म्हणजे फळ्या धड होत्या. फळ्या धड होत्या, म्हणजे वजन जास्त झालं. वजन जास्त झालं, म्हणजे जनावरं जास्त भरली. आठाची परवानगी असताना गुराख्यानं अकरा भरली, असं लिहून मोकळे झाले. ओढ्यातले अवशेष कुणी मोजले, कसे मोजले, देव जाणे. वस्तीला वाटलं, गुंडानं परगावची तीन जनावरं परस्पर घेतली आणि आपली सहा घालवली. आकारामांच्या कानावर सगळं येत होतं. नोकरी अजून कायम व्हायची होती, लग्न ठरलं होतं. ते गप्प बसले. भित्रे होते म्हणून गप्प बसले, ह्याला दुसरं गोड नाव नाही.

आणि आता तोच डबा करायचा होता. नाही म्हणता आलं असतं. पण नाही म्हणायला कारण द्यावं लागतं, आणि खाई त्याला खवखवे. त्यांनी कामाला सुरुवात केली.

डबा पंधरा दिवसांत झाला. साडेबारा सेंटिमीटर लांब. पितळी पत्र्याचा सांगाडा, सागाच्या काडीएवढ्या फळ्या, आतून चुन्याचा पातळ हात, दारं कथलानं कायमची झाळून बंद. सोनाराकडून घेतलेल्या जुन्या काट्यावर वजन केलं, एकशे चाळीस ग्रॅम भरलं, तसं त्यांनी तळाला पेन्सिलीनं लिहिलं. शेवटी एका केसाच्या ब्रशनं तारीख घातली. आयुष्यात दुसऱ्यांदा त्यांनी त्या डब्यावर तो चार काढला. हात कापला नाही, ह्याचंच त्यांना वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी डबा एकशे बावन्न ग्रॅम भरला.

काट्याचा सेल गेला असणार, म्हणून त्यांनी सेल बदलला. एकशे बावन्नच. तिसऱ्या दिवशी एकशे ऐंशी. रंग वाळला की वस्तू हलकी होते, जड होत नाही, एवढं पेंटराला कळतं. त्यांनी इंजिन लावून डबा टेबलावरच्या रुळांवर ओढून बघितला. सहा डबे सहज नेणारं इंजिन जागेवर चाकं फिरवत राहिलं. वाकून बघितलं तर चाकांवरच्या स्प्रिंगा पार दबल्या होत्या, भरल्या डब्याच्या दबतात तशा.

त्याच दुपारी सून क्रांती चहा घेऊन खोलीच्या दारात आली आणि तिथंच थांबली.

“आण्णा, हितं वैरण ठिवलीया का? वल्या शेणाचा वास येतोय.”

“न्हाई गं. रंगाचा आसंल.”

“रंगाचा वास मला कळतो,” क्रांती म्हणाली आणि चहा उंबऱ्यावरच ठेवून गेली.

परड्यातली म्हैस रोज खोलीच्या खिडकीखालून गोठ्यात जायची. त्या दिवसापासून ती खिडकीखाली अडू लागली. भर बारा वाजता, ऊन डोक्यावर असताना, ती खिडकीकडं तोंड करून हंबरायची. मग गप्प व्हायची आणि कान टवकारायची. समोरून कुणी ओ द्यावी आणि ती आपण ऐकावी, तशी ती थांबत होती. आकाराम आत बसून तो गप्पपणा ऐकत. त्यांना कधी काही ऐकू आलं नाही, पण म्हशीला येत होतं ह्याबद्दल त्यांना शंका राहिली नाही.

पाचव्या दिवशी शंभूराजांचा फोन आला. आनंदात होते.

“काका, तुमचा डबा ऐतिहासिक निघाला. जुने कागद मिळाले मला. ह्याच डब्याचा अपघात झाला होता. गुराख्यानं हावरटपणा करून आठाच्या जागी अकरा जनावरं कोंबली, तळ फुटला. मी शेजारी पाटी लावणार आहे, त्याच्या नावासकट. लोकांना अशी गोष्ट आवडते. एकवीस तारखेला उद्घाटन.”

“बरं,” आकाराम म्हणाले.

फोन ठेवून त्यांनी ब्लेड घेतलं आणि डब्यावरचा तो चार खरवडून काढला. तिथं दोन घातला. मे बहात्तर. जे तेव्हा असायला हवं होतं ते. मग डबा काट्यावर ठेवला. तीनशे दहा ग्रॅम. तासाभरानं तीनशे बारा. डब्यावरची तारीख दुरुस्त करून कुणाचंच ओझं हललं नव्हतं.

तेव्हा त्यांनी धीर करून एक गोष्ट केली जी इतके दिवस टाळली होती. टॉर्च घेतला, भिंग घेतलं, आणि पट्ट्यांमधून आत बघितलं.

आत कुणी नव्हतं. डबा रिकामा होता. पण आतल्या चुन्याला डाग पडले होते. एका उंचीवर, दोन्ही बाजूंच्या फळ्यांवर, चुना चाटून गेलेला होता. ज्यांच्या घरी गोठा आहे त्यांना हे सांगायला नको. उपाशी जनावर भिंतीचा चुना चाटतं, आणि जिथं चाटतं तिथं मुठीएवढी ओली जागा होते. इथं ती जागा ज्वारीच्या दाण्याएवढी होती, पण आकार तोच, ओल तीच. आकारामांनी मोजलं. डावीकडं चार, उजवीकडं चार. परत मोजलं. रिबिट मोजणारा माणूस मोजण्यात चुकत नाही. आठ.

आणि दाराजवळच्या कोपऱ्यात, खाली, चुना चाटलेला नव्हता, घासलेला होता. तिथं कुणीतरी पाठ टेकून बराच वेळ बसलं होतं.

आकारामांनी टॉर्च विझवला. त्यांना भीती वाटली हे खरं, पण भीतीपेक्षा लाज जास्त वाटली. आत बसलेला माणूस दार वाजवत नव्हता, ओरडत नव्हता, आपली आठ जनावरं घेऊन नुसता बसला होता. झाळलेलं दार उघडून उपयोग नव्हता. ते दार दुसरीकडं कुठंतरी उघडायचं होतं, आणि कुठं ते त्यांना पन्नास वर्षं ठाऊक होतं.

त्यांनी शंभूराजांना फोन लावला.

“डबा एकवीसला यायाचा न्हाई. आन् ती पाटी लावू नगा. अकरा नव्हती, आठ व्हती.”

“काका, कागदावर अकरा आहे. तुमच्याकडं पुरावा काय?”

“तारीख मी बदललीवती,” आकाराम म्हणाले. पहिल्यांदा एका जिवंत माणसापाशी ते वाक्य बोलून झालं होतं.

सकाळी त्यांनी डबा स्टीलच्या जेवणाच्या डब्यात घालून पिशवीत ठेवला. सांगलीची एसटी धरली, तिथून कवठेमहांकाळ, आणि पुढं माणसं भरून नेणारी वडापची जीप. पिशवी मांडीवर घेतली होती. जसजशी जीप पूर्वेला जाऊ लागली तसतशी मांडी बधिर झाली. शेवटच्या चढाला जीप मान टाकू लागली. ड्रायव्हरनं मागं वळून माणसं मोजली.

“नऊच हायती की. आबा, पिशवीत काय दगुड भरल्यात का? गाडी वढंना.”

“जुनं सामान हाय,” आकाराम म्हणाले.

शेजारच्या बाईनं पाय मोकळे करायला पिशवी जरा सरकवायला बघितली. ती हलेना, तसं तिनं हात काढून घेतला आणि उरलेली वाट ती बाहेर बघत बसली.

वस्तीच्या फाट्यावर त्यांनी गुंडाच्या घरचा पत्ता विचारला. टपरीवरच्या माणसाला गुंडा माहीत नव्हता. मग त्याच्या ध्यानात आलं.

“म्हंजी अकऱ्यांचं घर व्हय? त्ये काय, लिंबाच्या म्होरं.”

“अकरे आडनाव हाय?”

“आडनाव न्हाई. म्हनत्यात तसं. लय जुनी भानगड हाय.” तो हसला. त्याला काय ती भानगड, हे बहुधा धड ठाऊकही नव्हतं. नाव तेवढं राहिलं होतं.

घर दोन खणांचं, पत्र्याचं, स्वच्छ. गुंडाची बायको हरणाबाई ओसरीवर सुपात मटकी निवडत बसली होती. केस पांढरेशुभ्र, पाठ ताठ. दाराला टेकून पन्नाशीचा माणूस उभा होता, तिचा मुलगा अमृत. बाप गेला तेव्हा तो पोटात होता. त्याची सोयरीक तीनदा मोडली होती, दर वेळी कुणीतरी पाहुण्यांना अकरा जनावरांची गोष्ट सांगून, हे आकारामांना पुढं कळलं.

“या पावनं,” हरणाबाई म्हणाली. “कुनीकडनं आलासा?”

आकाराम खाली बसले, पिशवी बाजूला ठेवली. पाणी दिलं ते त्यांनी घेतलं नाही.

“आक्का, आदी आयका, मग पानी द्या. मी रेल्वेत पेंटर व्हतो. बहात्तर साली तुमचं मालक ज्या डब्यातनं गेलं, त्याची तारीख सरली व्हती. फळ्या कुजल्या व्हत्या. ती तारीख मी बदलली. दोनाचा चार केला. जनावरं आठच व्हती. चौकशी झाली तवा मी त्वांड उघडलं न्हाई. तुमच्या मालकांवर आळ आला त्यो माझ्यामुळं.”

अमृत दारापासून सुटा झाला. हरणाबाईची बोटं मटकीत थांबली, मग पुन्हा चालू झाली. तिनं एक खडा काढून अंगणात टाकला.

“ठावं हाय मला,” ती म्हणाली.

आकारामांना वाटलं, तिला नीट ऐकू आलं नाही.

“म्या ठेसनावर व्हते की. जनावरास्नी पानी पाजाया आलेली, घागर घिऊन. तुमी ब्रश मारताना बगितलं म्या. वाचाया येत न्हाई मला, पर रंगावल्यालं दिसतं. म्या मालकास्नी इचारलं, ह्ये काय करतंय पोरगं? तर डब्यात चढताना म्हनालं, आपल्यापायी करतंय ते. त्याची नोकरी नवी हाय. कुनाला बोलू नगंस.”

ती सूप हलवत राहिली.

“मग सायब आलं चौकशीला. डबा कसा व्हता, म्हनून इचारलं. म्या म्हनलं, मला काय ठावं.”

“आक्का, पन मालक गेल्यावर तरी...”

“गेलं म्हनून तर. मागारी आलं आस्तं तर इचारलं आस्तं त्यास्नी, आता बोलू का म्हनून.”

आकारामांनी तोंडावर हात घेतले. पन्नास वर्षं ते समजत होते की आपलं गुपित आपण सांभाळलं. ते ह्या बाईनं सांभाळलं होतं, सगळ्या वस्तीचं बोलणं खाऊन, एका अनोळखी पोराच्या नोकरीसाठी. ते रडू लागले आणि त्यांनी ते लपवलं नाही.

“आये,” अमृत म्हणाला. “तुला ठावं व्हतं?”

हरणाबाईनं मुलाकडं बघितलं नाही. ती आकारामांकडंच बघत होती.

“बोलू नगंस म्हनालं व्हतं. आता तुमीच बोललासा,” ती म्हणाली. “मग म्या बोलू का आता?”

“बोला,” आकाराम म्हणाले.

तिनं सूप खाली ठेवलं, गुडघ्यांवर हात देऊन उठली आणि पदर डोक्यावर घेतला. मग अमृतला म्हणाली, “जा, भावकीला बोलाव. समद्यास्नी.”

अमृत जागचा हलला नाही. तो आईकडं बघत उभा होता.